बर्फाचा बांध

फावडी एकसष्ट, बर्फ ढकलायच्या रुंद फळ्या चौदा, घसरगाड्या नऊ, सुपाची पातेली दोन, ट्रॅक्टर एक. ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. माणसं लाइने पिहलाकासने दोनदा मोजली. पहिल्यांदा त्र्याऐंशी भरली, दुसऱ्यांदा एक्याण्णव, कारण ती मोजत असतानाही माणसं येतच होती.

"चाळीस येतील म्हणाला होतात," ती हेल्दूर विंटला म्हणाली.

"चाळीस मी बोलावली," ट्रॅक्टरच्या पोटात डोकं घातलेला हेल्दूर आतूनच बोलला. "उरलेल्यांना सुपाचा वास आला."

तार्तू शहराच्या पूर्वेकडच्या नऊमजली इमारतींमागून सूर्य नुकताच वर आला होता आणि गॅरेजांच्या पत्र्यांना जेमतेम शिवला होता. थंडी उणे सात. गॅरेजांच्या या दोन समोरासमोरच्या लांब रांगा सोविएत काळातल्या. बांधल्या होत्या गाड्यांसाठी, पण आत गाड्या कमी आणि बटाट्यांची पोती, काकडीच्या बरण्या, उलट्या घातलेल्या होड्या नि बायकोपासून लपवलेल्या मोटारसायकली जास्त. हेल्दूर या गॅरेजवाल्यांच्या सोसायटीचा अध्यक्ष. एप्रिलमध्ये हे सगळं पाडायचं ठरलं होतं, आणि सोसायटीने त्यावर सह्या करून मोबदलाही घेतला होता. इथे नवा व्यापारी भाग उभा राहणार होता. खाली दुकानं, मधल्या मजल्यांवर कचेऱ्या, वर घरं, छतांवर बागा, जमिनीच्या पोटातून आणलेल्या उबेवर चालणारं हीटिंग, गाड्यांना आत मज्जाव, आणि मधोमध एक चौक. आजचा खटाटोप त्या चौकासाठी होता.

लाइने नगरपालिकेच्या नियोजन विभागात चौतीस वर्षं होती आणि मार्चअखेर निवृत्त होणार होती. शहरात तू आखलेलं काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर तिला चटकन बोट दाखवता आलं नसतं. पार्किंगच्या रेषा, गटारांच्या झाकणांच्या जागा, सायकलींचा रस्ता फूटपाथला मिळतो तिथला उतार. तिने कधी काही मोठं आखलंच नव्हतं असं नाही. पण चाळीस झाडांची रांग आखावी तर प्रत्यक्षात अकरा लागत. तीन मीटरचा फूटपाथ दोनवर येई. बाकं बारा लिहिली की चार येत, आणि ती चारही कचराकुंडीकडे तोंड करून. सुरुवातीला ती भांडली होती. मग तिने स्वतःला एक सवय लावून घेतली. आपणच आधी कमी आखायचं, म्हणजे कापणाऱ्याला कापायला फारसं उरत नाही.

हा चौक मात्र तिला कुणालाही कापू द्यायचा नव्हता.

पेच असा होता. जानेवारीत इथला सूर्य भर दुपारीसुद्धा आकाशात चढत नाही, कडेकडेने निघून जातो. चौकाभोवतीच्या इमारती सात मजली, त्यामुळे त्यांच्या सावलीत सगळा चौक बुडणार. ऊन आत यायला एकच वाट होती, दक्षिणेकडच्या दोन इमारतींमधली मोकळी फट. आणि हिवाळी वाराही नेमका त्याच बाजूने, नदीकाठच्या कुरणावरून सरळ आत घुसत होता. बांधकाम कंपनीच्या पहिल्या नकाशात त्या फटीत स्प्रूसची झाडं दाखवली होती. बारा महिने हिरवी, म्हणून पर्यावरणाचे गुण जास्त. वारा अडला असता, पण ऊनही अडलं असतं, कारण स्प्रूस हिवाळ्यात पानं गाळत नाही. ऑक्टोबरातल्या बैठकीत लाइनेने सावलीची चित्रं काढून हे दाखवलं. कंपनीने मुकाट्याने झाडं पुसली आणि पुढच्या बैठकीत नवा उपाय आणला, अख्ख्या चौकावर काचेचं छत.

छत आलं की भिंती येतात. भिंती आल्या की दारं, दारं आली की रात्री नऊला कुलूप. आणि दिवसा गणवेशातला एक सभ्य तरुण, जो काहीही विकत न घेता बसलेल्या म्हातारीपाशी येऊन वाकून विचारतो, "आपल्याला काही हवंय का?"

त्या बैठकीत लाइने उभी राहिली आणि म्हणाली, "फटीत बर्फाचा बांध घाला."

खोलीत हशा पिकला. ती थांबली नाही. शहर दर हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ ट्रकांनी भरून गावाबाहेर टाकतं. तो इथे टाका. दोन मीटर उंच, फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वारा त्याच्यावर चढून पलीकडे जाईल आणि लगेच खाली उतरू शकणार नाही. ऊन मात्र बांधावरून तिरपं आत येईल. एप्रिलमध्ये बांध वितळेल आणि वाफ्यांना पाणी मिळेल. छताला लाखो युरो लागतात. याला ट्रकचालकाला पत्ता बदलून द्यावा लागतो.

हसली नाही ती एकटी ब्रिगिता सारेपू. कंपनीची प्रकल्पप्रमुख, चाळिशीच्या आतली. पेन टेबलावर आडवं ठेवून तिने विचारलं, "सिद्ध करून दाखवता?"

"दाखवते."

"मग अट ऐका, पिहलाकासबाई. जानेवारी. तीच जागा. गॅरेजांच्या रांगांमधली गल्ली दक्षिणेकडेच उघडते, ती आपली फट समजू. बाहेर वारा सेकंदाला सहा मीटरच्या वर हवा. आत, उन्हात ठेवलेल्या खुर्चीपाशी, दहा मिनिटांची सरासरी अडीच मीटरच्या आत आली पाहिजे. आली, तर छत मी स्वतः मागे घेते. नाही आली, तर अंतिम बैठकीत छताच्या बाजूने तुम्ही हात वर करायचा."

लाइने हो म्हणाली.

आणि जानेवारी उजाडल्यावर कळलं की खरी अडचण वेगळीच आहे. ऊन असलं की वारा नसे, वारा असला की ऊन नसे. एक शनिवार ढगात गेला, दुसरा शांत गारठ्यात. आज पहिल्यांदा हवामानखात्याने दोन्ही देऊ केलं होतं, दुपारी दोनपर्यंत. त्यानंतर पश्चिमेकडून ढग.

ट्रॅक्टरने एक ठसका दिला, काळा धूर ओकला आणि चालू झाला. एक्याण्णव माणसांनी आरोळी ठोकली.

"आता बघा, लाइनेबाई!" हेल्दूर बोनेटवरून खाली उडी मारत म्हणाला. वय त्र्याहत्तर, पण उडी पस्तिशीतली. "जेवायच्या आत तुमचा बांध उभा."

"दोन मीटर हं. मी खांबांना नारिंगी फीत बांधलीय. फितीच्या वर जायचं नाही."

"अहो, फीत दिसतेय की! आम्ही काय आंधळे आहोत?"

लाइनेला बाहेरचं वारामापी यंत्र दूर कुरणात रोवायचं होतं, जिथे वाऱ्याला आडवं काहीच नाही. जमीन दगडासारखी गोठली होती. पहार मारली की ठिणगी उडावी तसा बर्फाचा चुरा उडे. तिपाई सरळ होईना, पातळी जुळेना. तिला दीड तास लागला. पण मान वर करून पाहिलं तेव्हा यंत्राच्या चार वाट्या गरगरत होत्या, पडद्यावर साडेसहाचा आकडा होता, डोक्यावर फिकट निळं आभाळ होतं आणि दक्षिणेला सूर्य एखाद्या झाडाच्या उंचीवर लटकला होता. ऊन आणि वारा, दोन्ही. थंडीने तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि तरी ती एकटीच हसत होती.

मागे गॅरेजांकडून मोठा गलका ऐकू येत होता.

असं श्रमदान म्हणजे तालगुद. तालगुदात कुणी मजुरी मागत नाही आणि कुणी हजेरी घेत नाही, पण फावडं सगळ्यात आधी खाली ठेवणाऱ्याचं नाव पुढच्या हिवाळ्यापर्यंत निघत राहतं. शिवाय आज दोन पक्ष होते. पूर्वेच्या टोकाकडून गॅरेजवाले आणि पश्चिमेच्या टोकाकडून नऊमजली इमारतीतले लोक. इमारतवाल्यांची सूत्रं जोया पेत्रोव्नाकडे होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली, रशियन, आवाज खणखणीत. सूपही तिचंच होतं आणि हुकूमही तिचेच.

"हेल्दूर, तुमचं टोक बसलंय रे! चहाचा पेला पालथा घातल्यासारखं दिसतंय!"

"तुमच्याकडे बघा, जोया पेत्रोव्ना! मांजर उडी मारून जाईल!"

"मांजर? मांजर जाईल? पोरांनो, ऐकलंत? आणा, आणा अजून चार गाड्या!"

दोन्ही बाजूंनी बर्फ चढत गेला. ट्रॅक्टर मागच्या मैदानातून ढीग लोटत आणी, माणसं तो वर फेकत, वरची माणसं तो थापटून बसवत. गॅरेजवाल्यांनी जुन्या दारांचे पत्रे काढून उताराला लावले आणि त्यावरून घसरगाड्या दोरांनी वर ओढल्या. इमारतवाल्यांनी ते बघितलं आणि बर्फ ओढायला सरळ एक होडी आणली.

लाइने परतली तेव्हा पावणेबारा वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी ती थबकली.

बांध सुंदर झाला होता. टोकापासून टोकापर्यंत सरळ, कडा धारदार, जणू कुणी सुरीने कापला असावा. वर आठ-दहा माणसं उभी राहून टोप्या हलवत होती. आणि नारिंगी फीत कुठेच दिसत नव्हती. खांबसुद्धा दिसत नव्हते.

"काय, बाई?" हेल्दूर घामाने निथळत होता. "आहे की नाही?"

"फीत कुठे आहे?"

हेल्दूरने बांधाकडे पाहिलं. मग जोया पेत्रोव्नाकडे. मग बुटांकडे.

"आत आहे," तो म्हणाला.

लाइनेने मोजपट्टी लावली. तीन मीटर.

ती वळली. गल्लीत, बांधापासून चौदा ते अठरा मीटरांवर, तिने सकाळी बारा घडीच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. उन्हात बसायच्या खुर्च्या. बाराच्या बाराही निळ्या सावलीत होत्या. ब्रिगिता साडेबाराला येणार होती.

मग सगळेच एकदम बोलायला लागले.

"वरचा एक मीटर काढू! किती वेळ लागतो?"

"चढवायला दोन तास लागले, काढायला दोन लागतील."

"हे सगळं त्या मांजरामुळे!" जोया पेत्रोव्ना कडाडली. "कुणी काढलं होतं मांजर?"

"मी काढलं होतं, पण होडी कुणी आणली?"

"लाइने, अगं बोल काहीतरी. शिव्या दे आम्हाला." जोया पेत्रोव्ना तिच्याकडे वळली.

लाइने सावलीच्या कडेकडे बघत होती. बर्फावर ती कड अगदी स्वच्छ उमटली होती. अलीकडे निळं, पलीकडे सोनेरी. ती कडेपर्यंत चालत गेली आणि तिथून बांधापर्यंत पट्टी धरायला हेल्दूरला सांगितलं. अठरा मीटर. बरोबरच होतं. या दिवसांत दुपारी सावली उंचीच्या सहापट पडते. दोनाची बारा, तिनाची अठरा.

ती आणखी मागे चालत गेली. ऊन तोंडावर आलं. इथे वारा असायला हवा होता. तिने हातमोजा काढला आणि बोटं वर धरली. बोटांना फारसं काही लागलं नाही. बांधाच्या माथ्यावरून उडालेला बर्फाचा भुगा तिच्या डोक्यावरून, खूप वरून, चमकत चमकत मागे निघून जात होता. तिने त्याच्या मागे मागे पाहिलं. तो जमिनीवर उतरला तो गल्लीच्या पार मागच्या बाजूला.

वाऱ्याला पुन्हा जमिनीवर यायला उंचीच्या दहापट अंतर लागतं. हे तिनेच अहवालात लिहिलं होतं. दोन मीटरचा बांध, म्हणजे सावली बारापर्यंत, आडोसा वीसपर्यंत, मधली जागा आठ मीटर. तीन मीटरचा बांध, म्हणजे सावली अठरापर्यंत, आडोसा तीसपर्यंत.

मधली जागा बारा मीटर.

बसायची जागा नाहीशी झालीच नव्हती. ती दीडपट होऊन मागे सरकली होती. आणि चौकाची दक्षिणोत्तर लांबी चौतीस मीटर होती, त्यात ती आरामात मावत होती. मग आपण दोन मीटर का लिहिलं? गणिताने तर तसं सांगितलं नव्हतं. तीन लिहिलं तर दोन मिळेल आणि दोन लिहिलं तर निदान दीड, एवढाच तिचा हिशेब होता. चौतीस वर्षांत तिने आखलेली एकही गोष्ट जमिनीवर उतरताना मोठी झाली नव्हती. ही पहिलीच.

पाठीमागे कुणीतरी पहिलं फावडं बांधाच्या माथ्यात खुपसल्याचा आवाज आला.

"थांबा!" आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. "खाली उतरा सगळे! बांधाला कुणी हात लावायचा नाही!"

"अहो पण बाई, उंची..."

"उंची राहू दे! खुर्च्या उचला!"

"कुठे न्यायच्या?"

"मागे! माझ्यापर्यंत! अजून मागे! हेल्दूर, उभे काय राहिलात, धरा ती दोन!"

एक्याण्णव माणसं आणि खुर्च्या बारा. तरी सगळेच धावले. एकेका खुर्चीला चार-चार हात लागले. जोया पेत्रोव्नाने आपली खुर्ची डोक्यावर घेतली आणि वाटेत तिघांना खुर्चीच्या पायांनी ढुशी दिली. खुर्च्या उन्हात ठेवल्या गेल्या आणि त्यांच्या सावल्या लांबच लांब मागे पसरल्या. कुणीतरी बसून पाहिलं आणि "अरे!" म्हणून ओरडलं. मग दुसरं बसलं. मग बसण्यासाठी भांडणं सुरू झाली.

साडेबाराला ब्रिगिता सारेपू आली. पातळ शहरी बूट, उंच कॉलरचा कोट, हातात स्वतःचं वारामापी. कुरणाच्या बाजूने चालत आल्यामुळे तिचं नाक लाल झालं होतं आणि केस विस्कटून तोंडावर आले होते. बांधाला वळसा घालून ती आत आली आणि हात केसांकडे नेता नेता थांबली. केस सावरायची गरज उरली नव्हती.

तिने बांधाकडे मान वर करून पाहिलं.

"प्रस्तावात दोन मीटर होता."

"हो," लाइने म्हणाली. "प्रस्तावात मी कमी लिहिलं होतं. तीन हवा. मी नकाशा बदलून देते."

हेल्दूरने घसा खाकरला. जोया पेत्रोव्नाने त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

ब्रिगिता सावलीच्या कडेपर्यंत गेली, बुटाच्या टोकाने ती कड चाचपली आणि विचारलं, "हा जानेवारीचा मध्य आहे. डिसेंबरात, सगळ्यात लहान दिवशी काय?"

"सावली सातपट. म्हणजे एकवीस मीटर. आडोसा तीसपर्यंतच. जागा नऊ मीटर उरते."

"आणि ज्या वर्षी बर्फच पडला नाही?"

"मग तेवढी थंडीही नसेल," लाइने म्हणाली. "पण वारा असेल. त्या वर्षी बसायला कमी माणसं येतील. दार मात्र कुणी बंद केलेलं नसेल."

ब्रिगिताने मान हलवली. हो नव्हे आणि नाहीही नव्हे. मग ती म्हणाली, "जागा तुम्ही निवडा. यंत्र माझं. आणि जवळ कुणी उभं राहायचं नाही. माणसांनी वारा अडवला असं मला बोर्डासमोर ऐकायचं नाहीये."

लाइनेने वीस मीटरवरची खुर्ची निवडली. सावलीच्या कडेपासून दोन पावलांवर. आणखी मागे गेलं तर ऊन सुरक्षित, पण वारा वाढणार. आणखी पुढे गेलं तर वारा कमी, पण सावली सरकत येणार. ब्रिगिताने खुर्चीलगत बसणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर यंत्र लावलं, बाहेरच्या यंत्राशी जोडलं, कळ दाबली आणि खुर्चीत स्वतःच बसली.

"बसायला कुणीतरी हवंच ना," ती म्हणाली.

माणसं दोन्ही रांगांच्या भिंतींना चिकटून उभी राहिली. वरून बर्फाचा भुगा उडत होता. तो उन्हात जाई तेव्हा दिसे आणि बाहेर पडला की नाहीसा होई. यंत्राच्या वाट्या मधूनच फिरत, मधूनच रेंगाळत. एकदा झोत आला आणि त्या जोरात गरगरल्या. भिंतीपाशी नव्वद जणांनी एकदम श्वास रोखला.

"अडीचच्या वर फिरू नका ना बाई," हेल्दूर वाट्यांना उद्देशून पुटपुटला.

"श्श!"

"वाऱ्याला काय ऐकू येतंय?"

"मला येतंय!"

तीन मिनिटं गेली. पश्चिमेला, इमारतींच्या वर, ढगाची करडी पट्टी उमटली. हवामानखात्याने दोन सांगितले होते, ती एकलाच आली. लाइनेने ढगाकडे पाहिलं, मग सावलीकडे. सावलीची कड खुर्चीच्या पुढच्या पायांकडे सरकत होती, इतकी हळू की बघत राहिलं तर दिसू नये आणि नजर काढून परत पाहिलं तर कळावं.

"अहो, मॅडम," जोया पेत्रोव्नाला राहवेना. ती भिंतीपासूनच बोलली. "मी इथे बसले तर मला काही विकत घ्यावं लागेल का?"

ब्रिगिताने डोळे मिटले होते. ते न उघडता ती म्हणाली, "उघड्या चौकात कोण विचारणार?"

"मग बरं. मी सूप घरून आणीन."

सहा मिनिटं. ब्रिगिताने कोटाचं वरचं बटण काढलं. तिचं तिला कळलं असावं असं वाटलं नाही. लाइनेला कळलं. तिने हेल्दूरची बाही घट्ट पकडली आणि हेल्दूरने, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने, लहान मुलासारखा तिचा हात धरला.

"तुमचं गॅरेज कुठलं?" तिने कुजबुजत विचारलं. बोलल्याशिवाय तिला उभं राहवत नव्हतं.

"ते काय. यंत्राच्या मागचं. एकोणचाळीस नंबर." हेल्दूर तिकडे बघत म्हणाला. "वडिलांनी आणि मी बांधलेलं. काल रिकामं केलं. आत आता काही नाही, झाडून काढलंय." मग थोड्या वेळाने, "खुर्ची बरोबर त्याच्या दारासमोर आहे, लाइनेबाई. हे चांगलं केलंत."

तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. पण ती तसं म्हणाली नाही.

आठ मिनिटं. करड्या पट्टीने आकाशाचा चौथा हिस्सा घेतला होता. सूर्याच्या आणि ढगाच्या मध्ये पसरलेल्या हाताएवढं अंतर उरलं होतं. सावली खुर्चीच्या पायांपासून वीतभर. वाट्या फिरत होत्या, थांबत नव्हत्या, पण पळतही नव्हत्या. लाइनेच्या मनात आता कसलाही हिशेब नव्हता. ती फक्त बघत होती. उन्हात बसलेली एक बाई, मोकळं आभाळ, बंद करायला दार नाही. आपण आखलेलं आपल्यासमोर आहे आणि ते आखल्यापेक्षा मोठं आहे. तिला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, आणि तिचे पाय बर्फात गच्च रोवलेले होते.

नऊ मिनिटं.

पातेल्यावरचं झाकण वाफेने थडथडत होतं, तेवढाच आवाज.

यंत्र वाजलं.

ब्रिगिताने डोळे उघडले. पडद्यावर साचलेला बर्फाचा भुगा तिने अंगठ्याने पुसला, आकडे बघितले आणि यंत्र लाइनेपुढे धरलं. लाइनेचा चष्मा धुकटला होता. तिने तो काढला, रुमालाने दोन्ही बाजूंनी पुसला, पुन्हा लावला आणि भिंतींपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"बाहेर, सहा पूर्णांक चार. खुर्चीपाशी, उन्हात, दोन पूर्णांक दोन."